दाराचें वेळापत्रक
(नभोवाणीवरील भाषण)

सूर्यास्त झाला कीं रायगडाचा महादरवाजा बंद होई आणि उजाडेपर्यंत तो उघडत नसे. गडावर दूध विकावयास आलेली हिरकणी गवळण एके दिवशीं उशीर झाल्यामुळें आंतच अडकली. घरीं तान्हें मूल होतें. तिनें परोपरीनें विनविलें. पण पहारेकऱ्यांनीं नियम मोडला नाहीं. तेव्हां ती माउली अंधारांत कडा उतरून घरीं गेली. पुढें महाराजांनीं तिचा गौरव केला आणि ती जेथून उतरली तेथें बुरूज बांधविला, असें ही आख्यायिका सांगते.

आईच्या धैर्याची कथा म्हणून ती आपण लहानपणापासून ऐकत आलों. आज मी ती दाराची कथा म्हणून सांगणार आहें. वेळ पाहून मिटणाऱ्या त्या दाराच्या दोन उणिवा एकाच रात्रीं उघडकीस आल्या. गडाला एक मोकळी वाट राहिली होती, ही पहिली. आंत अडलेल्या माणसासाठीं नियमांत जागा नव्हती, ही दुसरी. पहिली बुरुजानें भरून निघाली. दुसरीविषयीं आख्यायिका मुकी आहे.

हा जुना प्रश्न आज नव्या वेषांत आपल्या कचेऱ्या-कारखान्यांच्या दाराशीं उभा आहे. आमचें गोंदिया म्हणजे धानाच्या गिरण्यांचें गांव. अशी एखादी गिरणी डोळ्यांपुढें आणा. फाटक, हिशेबाची खोली, यंत्रशाळा व गुदाम. पूर्वीं किल्ल्यांचा जुडगा मुनीमजींच्या कमरेला असे. पण किल्लीला घड्याळ कळत नाहीं. ती दुपारीं दोनला जें कुलूप उघडते, तेंच रात्रीं दोनलाही उघडते. आणि ती हरवली तर कुलूपच बदलावें लागतें. आतां किल्लीच्या जागीं कार्ड आलें आहे. दाराशीं बसविलेलें यंत्र तें वाचून तीन गोष्टी ताडून पाहतें: हा कोण, दार कोणतें आणि आतां वाजले किती. तिन्हींचा मेळ बसला तरच कुलूप सुटतें, आणि कोण केव्हां आलें याची नोंदही राहते.

शाळेंत वर्षानुवर्षें वेळापत्रकें आंखल्यामुळें एक गोष्ट मला ठाऊक आहे. नेहमींचा दिवस आंखणें सोपें. कस लागतो तो निराळ्या दिवसांचा. सणासुदीची यादी यंत्राला आधीं दिली नाहीं, तर दिवाळीच्या दिवशीं फाटक नेमानें दहाला उघडेल आणि आंत चिटपाखरूं नसेल. यासाठीं एक चांगली तोड आहे. वेळ झाली तरी अधिकारी मनुष्य स्वतः येऊन कार्ड दाखवीपर्यंत दार मोकळें होऊंच नये, असें यंत्रास सांगतां येतें. रात्रपाळी दहाला लागून सहाला सुटते. परंतु पुष्कळ यंत्रांचा दिवस मध्यरात्रीं संपतो, म्हणून ती पाळी दोन वारांत तोडून लिहावी लागते. हें विसरल्यास बारा वाजतांच कामगार परके ठरतात! हंगामांत गिरणीच्या वेळा बदलल्या, तर पत्रकही बदललें पाहिजे. नोकरी सोडून गेलेल्याचें कार्ड त्याच दिवशीं रद्द झालें पाहिजे. आणि यंत्राचें घड्याळच मागें पडलें, तर बाकीची सारी दक्षता व्यर्थ.

हें पत्रक बदलण्याचा अधिकार कोणाचा? शिवकालीं गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे समान दर्जाचे तीन अधिकारी ठेवीत. एकाच्या फितुरीनें गड जाऊं नये, हा त्यांतील हेतु. आजही पत्रक लिहिणारा एक आणि नोंदी तपासणारा दुसरा असावा, हें बरें.

आतां मुख्य गोष्ट. अमेरिकेंत जेम्स सार्जंट यानें १८७३ सालीं तिजोरीसाठीं घड्याळाचें कुलूप सिद्ध केलें. ठरलेल्या वेळेपूर्वीं तें कोणालाच उघडतां येत नसे. मग दरोडेखोरांनीं खजिनदाराला कितीही धमकावलें तरी व्यर्थ. तिजोरीला अशी कठोरता शोभते, कारण तिच्या आंत जिवंत माणूस नसतो. २५ मार्च १९११ रोजीं, शनिवारीं, न्यूयॉर्क येथील ट्रँगल नांवाच्या शिवणकामाच्या कारखान्यांत सुटीची वेळ होत आली असतांना आग लागली. नवव्या मजल्यावरचें एक दार कुलूपबंद होतें. बाहेर पडणाऱ्या मुलींच्या पिशव्या तपासतां याव्यात म्हणून त्यांना एकाच दारानें सोडण्याची तेथें चाल होती. त्या आगींत १४६ जीव गेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३८ व्या कलमानें स्पष्ट घालून दिलें होतें कीं, खोलींत मनुष्य असेतोंपर्यंत बाहेर पडण्याचें दार आंतून सहज व तात्काळ उघडेल असेंच असावें. यंत्राच्या दारालाही हाच दंडक लावला पाहिजे. विजेच्या जोरावर धरून ठेवणारें चुंबकी कुलूप वीज गेल्यास सुटतें. दुसऱ्या प्रकारचें कुलूप वीज गेल्यावर बाहेरच्यास बंदच राहतें. कोणतें कोठें बसवावयाचें, हें आधीं विचारून घ्यावें. आग लागल्याची सूचना होतांच वाटेवरचीं दारें आपोआप सुटावींत. आंतून मात्र कार्ड न दाखवितां, घड्याळ न पाहतां, नुसती मूठ दाबून दार उघडलें पाहिजे. याची परीक्षा वर्षांतून दोनचार वेळां, माणसें कामावर असतांना, मालकानें स्वतः करावी.

श्रोतेहो, आपलीं मुलेंबाळें जेथें कामाला जातात, तेथील दाराविषयीं त्यांना आज घरीं आल्यावर एवढेंच विचारा: रात्रीं आंत अडकलास, तर बाहेर कसा येशील? उत्तर देतांना तें मूल घुटमळलें, तर त्या दाराचें वेळापत्रक अजून अपुरें आहे असें समजा. बाहेरून येणाऱ्याला दारानें वेळ अवश्य विचारावी. आंतून जाणाऱ्याला वाट द्यावी. हिरकणीला कडा उतरावा लागला. आपल्या लेकरांवर ती पाळी येऊं नये.