विमानाचा धूर आणि आपले देणे

(ट्रस्टच्या महोत्सवी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हजला किंवा उमऱ्याला निघण्यापूर्वी आपल्याकडे एक रीत आहे. जाणारा माणूस घरोघर जाऊन माफी मागतो आणि कोणाचे देणे राहिले असेल तर ते फेडतो. डोक्यावर देणे ठेवून त्या वाटेस लागू नये, असे वडीलधारी सांगत आले आहेत. आज आम्ही अशा एका देण्याविषयी बोलणार आहोत, की जे कोणाच्याच वहीत मांडलेले नसते आणि म्हणूनच फेडावयाचे राहून जाते. ते देणे म्हणजे विमानाच्या धुराचे.

विमानप्रवासास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मुंबईहून जेद्दाला जाणारी हाजींची बोट १९९५ नंतर बंद झाली. आपली मुले नोकरीसाठी आखातात आहेत. जाणे भाग आहे. परंतु हिशेब ठेवणेही भाग आहे.

हा हिशेब कठीण नाही. एक किलो विमान-इंधन जळाले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. एका किलोचे तीन किलो कसे झाले, असे वर्गातील मुले विचारतात. इंधनातील कार्बन हवेतील प्राणवायू ओढून घेतो, म्हणून वजन वाढते. विमानाचे एकूण इंधन प्रवाशांत वाटले, तर दर माणशी दर किलोमीटरला सरासरी ९० ग्रॅमच्या आसपास वायू पडतो. हैदराबाद ते जेद्दा हे अंतर सरळ रेषेत सुमारे ४,१०० किलोमीटर, जाऊन-येऊन ८,२००. म्हणजे एका माणसाचा वायू झाला सुमारे पाऊण टन. ऐसपैस, महागड्या आसनावर बसणाऱ्याचा वाटा याहून मोठा. शिवाय उंचावर विमानामागे उमटणाऱ्या ढगांच्या रेघाही उष्णता धरून ठेवतात. त्या या आकड्यात आलेल्या नाहीत.

आता हे फेडावे कसे? याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. जैनूर मंडलात पॉवरगुडा नावाचा आदिवासींचा लहानसा पाडा आहे. तो पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होता. २०१६ च्या विभागणीनंतर आसिफाबाद जिल्ह्यात गेला. तेथील बचत गटाच्या स्त्रियांनी करंजाची झाडे लावली, बिया वेचल्या आणि उटनूरच्या आदिवासी विकास संस्थेकडून मिळालेल्या घाणीवर तेल काढण्यास आरंभ केला. ऑक्टोबर २००३ मध्ये वॉशिंग्टन येथे एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे आलेल्या पाहुण्यांच्या विमानप्रवासाचा व स्थानिक वाहनांचा धूर फेडण्यासाठी जागतिक बँकेने या स्त्रियांना ६४५ डॉलर दिले. दहा वर्षांत ५१ टन करंजतेल डिझेलच्या जागी वापरले जाईल आणि १४७ टन वायू वाचेल, असा तो हिशेब होता. करंजतेल जळाले तरी झाडाने हवेतून घेतलेलाच कार्बन हवेत परत जातो. जमिनीखालचा नवा कार्बन वर येत नाही. मर्म हे आहे.

आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु ती नीट वाचली पाहिजे. पाहुण्यांचा धूर एक-दोन दिवसांत हवेत गेला. फेड मात्र दहा वर्षे चालावयाची. पैसे दिले त्या दिवशी देणे फिटले नव्हते. फेडण्याचे वचन तेवढे घेतले गेले होते. ते वचन पाळण्याचे कष्ट त्या स्त्रियांच्या अंगावर होते.

हे आम्हांस उमगले ते स्वतःचा हिशेब मांडताना. गेल्या वर्षी आमच्या घरचे तिघे उमऱ्यास गेलो. देणे झाले सव्वादोन टन. पॉवरगुड्याच्या मापाने ते फेडावयास पावणेआठशे किलो करंजतेल लागते. बियांच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा तेल निघते. तेव्हा तीन टनांहून अधिक बिया कोणाला तरी वाकून वेचाव्या लागणार. आणि २००३ च्या दराने एवढ्या वायूची किंमत दहा डॉलरसुद्धा होत नाही! तेलाचे पैसे वेगळे मिळतात, हे खरे. तरीही तो आकडा पाहून आम्ही खजील झालो. निघण्यापूर्वी सगळ्या गल्लीची माफी मागितली होती. या देण्याची आठवणही झाली नव्हती.

विमान कंपन्या हे फेडतील, अशा भरवशावर राहू नये. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये ठरलेली आंतरराष्ट्रीय भरपाई योजना आता २०१९ च्या ८५ टक्क्यांवर जी वाढ होईल, तेवढ्यापुरतीच आहे. बाकीचे देणे आपले आपणच पाहावयाचे.

म्हणून ट्रस्टपुढे आमची एक सूचना आहे. ट्रस्टने एक वही ठेवावी. ज्या घरचे माणूस विमानाने गेले, त्याने अंतर व वायू तीत लिहावा. प्रथम टाळता येईल ते टाळावे: दिल्ली-मुंबईस आगगाडीने जावे, दोन फेऱ्यांची कामे एका फेरीत उरकावीत. फर्ज हज आयुष्यात एकदाच आहे, हेही ध्यानी ठेवावे. उरलेल्याची फेड याच भागात, डोळ्यांसमोर व्हावी. जे झाडे जगवतील, बिया वेचतील, त्यांना कष्टाचा पुरता मोबदला मिळावा आणि दरसाल कोणीतरी जाऊन किती झाडे जगली, किती तेल निघाले, हे मोजून यावे. या पैशास खैरात म्हणू नये. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते. देणे मर्जीवर नसते. पाऊस लहरी झाला की आपल्या कापूसवाल्या शेतकऱ्याचे काय होते, ते आपण जाणतो. बहुधा तो जन्मात विमानात बसलेला नसतो. आपला खरा सावकार तो आहे, आणि तो कधी वसुलीला येत नाही.

वही सुरू झाली तर पहिली नोंद आमच्या घरची व्हावी: तीन माणसे, सव्वादोन टन, बाकी.