पोरांना शीव दाखवा

मास्तर येवो न येवो, पोरांची शाळा रानातही भरते. या सुट्टीत म्हाताऱ्यांनी पाड्यातली पोरं घेऊन शीव फिरायची. आजाने घातलेला बांध, जुनी विहीर, वाघदेव, मसणवट सगळं दाखवायचं. कडूकंद उकडून ओहळाच्या वाहत्या पाण्यात का ठेवतात, तेही सांगा. पोरांनी वहीत नकाशा काढायचा.

फॉरेस्टवाला म्हणतो, दंडाची पावती आणा. पण वनहक्काच्या 2008 च्या नियमात बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा हेही पुरावे आहेत. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. एकाहून जास्त पुरावे मात्र लागतात. म्हातारी माणसं गेली तर जागा दाखवणार कोण? म्हणून वह्या भरल्या की वनहक्क समितीकडे द्या, ग्रामसभेत वाचू.