वाडीत पाहुणा उतरवायचा कोठे? पक्की खोली, तंबू की चाकांवरचे घर

(तुळिंज येथे वसई तालुक्यातील बागायतदार व भातशेती करणाऱ्या शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



तुळिंज म्हटले की आज नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेची दाट वस्ती डोळ्यांपुढे येते. याच भागात एके काळी भाताची खाचरे होती, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. जमीन विकणाऱ्यांनी विकली. ज्यांनी राखली, त्यांच्यापुढे आज वेगळाच प्रश्न उभा आहे. शहर कुंपणापर्यंत आले आहे, त्यातील माणसांना रविवारी झाडाखाली बसावेसे वाटते, आणि त्यासाठी ती पैसे मोजायला तयार आहेत. मग वाडीत त्यांच्या मुक्कामाची सोय करावी का? केली तर पक्की खोली बांधावी, तंबू ठोकावा, की हल्ली ज्याची चर्चा आहे ते कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, आणून उभे करावे?

हा विषय महत्त्वाचा अशासाठी की, यात चुकीची निवड झाली तर नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. पीक गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा घेता येते. कर्ज काढून बांधलेली खोली रिकामी राहिली तर सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहतो, आणि जी जमीन वाचवण्यासाठी हा उद्योग आरंभला तीच विकण्याची पाळी येते.

पर्यटन हा शेतीचा जोडधंदा

कृषी पर्यटन आपल्या राज्याला नवे नाही. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ च्या सुमारास त्याचा संघटित प्रयोग सुरू झाला. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आणि त्याखाली शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करता येते. २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचेही धोरण आले. धोरणे आहेत, परंतु आपल्या शेतावर काय चालेल हे धोरण सांगत नाही. ते जमीन, पाणी आणि हिशेबाची वही सांगते.

आपल्याकडचा पाहुणा प्रामुख्याने मुंबईचा. तो लोकलने किंवा मोटारीने सकाळी येतो आणि संध्याकाळी परत जाऊ शकतो. त्याला मुक्काम हवाच असतो असे नाही. त्याला सावली, स्वच्छ संडास, हात धुवायला पाणी, घरचे जेवण आणि पाहायला खरीखुरी शेती हवी असते. मोगऱ्याची तोडणी, केळीची बाग, राजेळी केळ्यांची सुकेळी कशी करतात हे पाहण्यात त्याचा दिवस आनंदात जातो. दिवसाच्या पाहुण्याला खाटेची गरज नाही. म्हणून पहिले वर्ष केवळ दिवसाचे पाहुणे घ्यावेत. किती जणांनी मुक्कामाची चौकशी केली याची नोंद ठेवावी, आणि मगच पुढचे पाऊल उचलावे.

हिशेब शनिवारचा करावा

मुक्कामाचा पाहुणा मुख्यत्वे शनिवारी रात्री येतो. सुट्ट्यांची भर पडते, परंतु हिशेब शनिवारवर बसवावा आणि भर पडेल तो फायदा समजावा. वर्षात शनिवार ५२. खाली दिलेले आकडे बाजारभाव नव्हेत, हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

पक्की खोली : समजा, संडास-न्हाणीसह एका खोलीला ६ लाख रुपये लागले व ते १२ टक्के व्याजाने घेतले. पहिल्या वर्षाचे व्याज ७२,००० रुपये. एका रात्रीचे भाडे २,००० रुपये धरले आणि वीज, धुलाई, सफाईचे ५०० वजा केले तर हातात १,५०० रुपये राहतात. म्हणजे ४८ रात्री केवळ व्याजासाठी गेल्या. ५२ शनिवारांपैकी उरले चार, आणि मुद्दल अजून जागचे हललेले नाही.

तंबू : समजा, ओट्यासह तंबूला ५०,००० रुपये लागले आणि तो तीन हंगाम टिकला. झीज व व्याज मिळून वर्षाला सुमारे २३,००० रुपये. भाडे १,२०० रुपये, खर्च वजा जाता ८०० रुपये उरले, तर २९ रात्री त्यातच जातात. तंबूचा हंगाम दसरा-दिवाळीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. त्यात शनिवार ३० च्या आसपास. तंबू स्वस्त दिसतो, परंतु कापड दरवर्षी झिजते हे विसरू नये.

स्वतःचे कॅराव्हॅन : १२ लाख रुपये धरले तर व्याजच १ लाख ४४ हजार. एका रात्रीचे २,५०० रुपये हातात राहिले तरी ५८ रात्री हव्यात. शनिवार आहेत ५२. शिवाय वाहनाचा विमा, कर आणि खाऱ्या वाऱ्याने चढणारा गंज वेगळाच.

घरातील रिकामी खोली : आपल्या जुन्या घरांत मुले शहरात गेल्यावर एखादी खोली किंवा माडी बंदच असते. तिच्या दुरुस्तीला, रंगाला व संडासाला ८०,००० रुपये लागले तर व्याज ९,६०० रुपये. रात्रीला १,२०० रुपये उरले तर आठ रात्रींत व्याज फिटते. त्यापुढील प्रत्येक रात्र मुद्दल कमी करते.

या चार हिशेबांतून उत्तर सरळ निघते. प्रथम घरातील खोली. नंतर, मागणी खरी आहे असे वहीने दाखवल्यास, कोरड्या हंगामापुरते एक-दोन तंबू. नवी पक्की खोली सर्वांत शेवटी, आणि तीही शक्यतो मिळालेल्या उत्पन्नातून. स्वतःचे कॅराव्हॅन विकत घेऊ नये.

कॅराव्हॅनसाठी फक्त जागा द्यावी

कॅराव्हॅन मात्र सर्वस्वी टाकाऊ नाही. ज्यांच्याकडे असे वाहन आहे त्यांना रात्रभर उभे राहण्यास सुरक्षित जागा लागते. ती जागा देणे हा कमी भांडवलाचा धंदा होऊ शकतो. त्यासाठी मुरूम घालून दाबलेली टणक जमीन, पिण्याचे पाणी, विजेचा एक भक्कम पॉइंट आणि वाहनातील सांडपाणी व मैला सोडण्याची योग्य सोय हवी.

ही सोय कोठे जमेल ते आपल्या तालुक्याच्या रचनेवर अवलंबून आहे. तुळिंजच्या पश्चिमेस, आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव या बागायती पट्ट्यात गल्ल्या अरुंद, वळणे अवघड आणि विजेच्या तारा खाली आलेल्या. मोठे वाहन तेथे शिरले तर कुंपण तरी मोडेल किंवा तार तरी. बागेच्या ओल्या मातीत चाके रुततात ते वेगळेच. उलट पूर्वेस, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत (राष्ट्रीय महामार्ग ४८, पूर्वीचा ८) ज्यांची माळजमीन आहे, त्यांना ही सोय जमू शकेल. डोंगराकडील शेतकऱ्यांनी मात्र तुंगारेश्वर अभयारण्य व त्याभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आपल्या गट क्रमांकाला लागू आहे काय, हे आधी पाहून घ्यावे.

तंबू लावताना घ्यावयाची काळजी

१. नारळाच्या किंवा ताडाच्या झाडाखाली तंबू कधीही लावू नये. सावली चांगली वाटते, परंतु वरून पडणारा नारळ किंवा झावळी जीवघेणी ठरते. आंबा, चिंच यांच्या वाळलेल्या फांद्या आधी छाटून घ्याव्यात.

२. तंबू जमिनीवर न लावता एक ते दीड फूट उंच ओट्यावर लावावा व भोवती पाणी वाहून जाण्यास चर काढावा.

३. पाहुण्याला जमिनीवर झोपवू नये. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. दंश बारीक असतो, झोपेत कळतही नाही. खाट व नीट खोचलेली मच्छरदाणी आवश्यक समजावी. सर्पदंशावरील लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते ते विचारून फोन क्रमांक भिंतीवर लावून ठेवावा.

४. तंबूत चूल, शेगडी, मेणबत्ती नेऊ देऊ नये. विजेची जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घ्यावी व गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवावा.

५. मेच्या दुसऱ्या आठवड्यापूर्वी तंबू उतरवून, पूर्ण वाळवून, उंदीर लागणार नाहीत असे माळ्यावर ठेवावेत. ‘तौक्ते’ वादळ १७ मे २०२१ रोजी आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तर ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आदळले. दोन्ही वेळा मोसमी पाऊस अजून स्थिरावला नव्हता. पावसाची वाट पाहत तंबू उभे ठेवणे म्हणजे वाऱ्याशी पैज लावणे होय.

खरा प्रश्न पाण्याचा

खोली असो वा तंबू, माणसाला पाणी तेवढेच लागते आणि मैलाही तेवढाच होतो. शहरी माणसाचे दिवसाचे पाणी १३५ लिटर धरतात. दहा पाहुणे म्हणजे दिवसाला १,३५० लिटर. उन्हाळ्यात, जेव्हा मोगऱ्याला पाणी हवे, नेमके तेव्हाच हे पाहुणे येतात. विहिरीचा उपसा वाढला की किनाऱ्यालगत खारे पाणी आत सरकते. एकदा विहीर खारावली की बाग जाते.

मैल्याची व्यवस्था तर अधिक जपून करावी. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर असावा, असा भारतीय मानक संस्थेचा दंडक आहे. आपल्या वाड्या लहान. एका बाजूस आपली विहीर, दुसऱ्या बाजूस शेजाऱ्याची, मध्ये बावखळ. पावसाळ्यात भूजल इतके वर येते की शोषखड्डा आणि विहीर यांच्यात फार अंतर उरत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली गेले होते, हे आपण पाहिले आहे. अशा पुरात खड्ड्यातील घाण कोठे जाईल याचा विचार आधीच करावा. आपली सगळी अंतरे मोजून ६० फूट कोठेच मिळत नसतील, तर त्या वाडीत मुक्कामाची सोय करूच नये. दिवसाचे पाहुणे मोजके घ्यावेत आणि घरच्या संडासावर भागवावे. बावखळ बुजवून तेथे खोली बांधण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. ज्या खड्ड्यात पावसाचे पाणी मुरून विहिरी भरतात, तो बुजवणे म्हणजे वाडीचा गळा आवळणे होय.

परवानगी लेखी घ्यावी

‘तंबू तात्पुरता आहे, त्याला परवानगी लागत नाही,’ असे अनेक जण सांगतात. त्यावर विसंबू नये. राजोडी, कळंब, अर्नाळा, नवापूर अशा किनाऱ्यालगतच्या जागांना किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. इतरत्र जमिनीचा वापर, झोन, बांधकाम यांचे नियम वेळोवेळी बदलतात. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि महानगरपालिकेचा नगररचना विभाग यांच्याकडे गट क्रमांकासह अर्ज करून उत्तर लेखी घ्यावे. महापालिका हद्दीबाहेरील गावांनी ग्रामपंचायत व तहसील कार्यालयात विचारावे. तोंडी होकारावर पाया खणू नये.

पक्की खोली बांधायचीच झाली तर

दोन हंगामांची वही पाहून खोली बांधण्याचे ठरलेच, तर ती घराला जोडून बांधावी. रस्ता, वीज, पाणी, संडास वाडीच्या मध्यभागी नेले की खोली, पायवाट व गाडीची जागा मिळून दोन-तीन गुंठे सहज जातात. ज्याची वाडी वीस गुंठ्यांची, त्याचा दहावा हिस्सा कायमचा गेला. कौलारू छप्पर, रुंद पडवी आणि आरपार वारा असेल तर वातानुकूलन यंत्राची गरज लागत नाही. आपल्या जिल्ह्यातील वारली बांधवांच्या कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती उन्हाळ्यात थंड राहतात. पावसाच्या माऱ्यापासून त्यांना पुढे आलेल्या छपराचे संरक्षण मात्र द्यावे लागते. जोते मागील पुराच्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर घ्यावे.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाहुण्याला मऊ गादी कोणत्याही रिसॉर्टमध्ये मिळते. तो आपल्याकडे येतो तो शेतीसाठी. खोल्या वाढल्या आणि मोगरा गेला, तर त्याला येथे येण्याचे कारण उरत नाही, आणि आपल्यालाही शेतकरी म्हणवून घेण्याचे. म्हणून निर्णयाआधी तीन आकडे कागदावर मांडावेत : उन्हाळ्यात विहिरीत उरणारे पाणी, विहिरीपासून शोषखड्ड्यापर्यंतचे अंतर, आणि केवळ व्याज फेडण्यास लागणाऱ्या रात्री. हे तीन आकडे घेऊन कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या विद्यापीठात यावे. तेथील तज्ज्ञांशी चर्चा करावी आणि मगच पहिली कुदळ मारावी.