डोंगरमाथ्याचें देणें
(ज्युबिली-समारंभांत झालेलें भाषण)



नदी राखावयाची तर पैसा कोठून आणावा व तो कोणाच्या हातीं द्यावा, हा विषय समितीनें मजकडे सोंपविला. उत्सवांत पैशाची गोष्ट काढणें रसभंगाचें खरें; पण जुन्नरास तरी ती नवी नाहीं. येथील लेण्यांतील एका शिलालेखांत कोणाचिक श्रेणींतील अडुथुम नांवाच्या शकानें शेतांचें उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे: वीस निवर्तनें करंजाचीं झाडें लावण्यासाठीं, नऊ निवर्तनें वडांसाठीं. दुसऱ्या कित्येक लेखांत 'पोढी'चें, म्हणजे पाण्याच्या टाक्याचें, दान कोरलेलें आहे.

आज आपणांपाशीं टाक्यांऐवजीं धरणें आहेत. येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे या पांच धरणांचें पाणी कालव्यांनीं पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातें. पाऊस इकडे, ऊंस तिकडे. माथ्यावर कोसळणारा पाऊस माती घेऊन उतरतो व ती धरणांच्या तळाशीं बसते. डिंभ्याच्या पाण्याखालीं तर, ज्याचें नांव तालुक्यास आहे, तें आंबेगांवच गेलें. भातखाचरें बुडालीं तेव्हां महादेव कोळी शेतकरी उतारावर चढले. डोंगर उघडे पडल्याचें खापर त्यांच्याच माथीं फोडणें सोपें आहे. मला तें न्याय्य वाटत नाहीं.

या लोकांत 'पडकई' नांवाची जुनी चाल आहे. चार घरचीं माणसें जमून आज याच्या, उद्यां त्याच्या उतारावर बांध घालितात, आणि पाळीपाळीनें सर्वांचीं खाचरें तयार होतात. बांध माती अडवितो, खाचर पाणी जिरवितें. परंतु ज्याच्या कणगींत पावसाळ्यापर्यंत पुरेल इतकें धान्य नाहीं, तो उन्हाळा मजुरीवांचून कसा काढणार? तो खालीं बागाइतांत कामास जातो आणि बांध तसाच राहतो. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ सालीं झाला. त्या हमीचा पैसा पडकईच्या कामास मिळावा म्हणून कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेनें खटपट केली, व ती फळास आली. २०१२ सालीं संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास-कार्यक्रमाचें 'इक्वेटर' पारितोषिक मिळालें.

पैशामागें यंत्र येतें, हेंही सांगितलें पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर डोंगर कोसळला व दीडशेंच्या वर माणसें गेलीं. अतिवृष्टि तर होतीच. पण पडकईच्या नांवाखालीं उतारावर अवजड यंत्रें चालविलीं गेलीं, असाही आक्षेप त्या वेळीं घेण्यांत आला. त्या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं, हातानें बांध घालणारास उतार कोठें कच्चा आहे हें पहारीखालीं कळतें व तो तेथें थांबतो. मार्चअखेर रक्कम खर्चीं घालावयाची असली म्हणजे थांबणें कठीण.

शेजारच्या अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांत दुसरी वाट निघाली. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारानें इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. जर्मन सरकारचा पैसा त्यांत नाबार्डमार्फत आला. १९९३ सालीं फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनीं 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' स्थापिली. रीत अशी कीं, गांवानें प्रथम लहानशा तुकड्यावर काम करून दाखवावें, मजुरीचा कांहीं भाग श्रमदानानें फेडावा, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी. मग मोठी रक्कम गांवच्याच समितीच्या हातीं. काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याशीं यावयाचें. पुढें १९९९-२००० मध्यें केंद्र सरकार व नाबार्ड यांनीं प्रत्येकीं १०० कोटि रुपये घालून पाणलोट विकास निधि उभारिला. एक शल्य मात्र राहतें. चराईबंदी सोसतो शेळ्या पाळणारा भूमिहीन, आणि पाणी वाढतें जमीनवाल्याच्या विहिरीचें.

यास्तव माझी सूचना लहान आहे. रोषणाई व भोजन यांचा खर्च भागून वर्गणींतून जें उरेल, त्यांत आपणांपैकीं कालव्यावर ऊंस घेणारांनीं एकरामागें कांहीं भर घालावी, आणि ती रक्कम वरच्या एकाच वाडीच्या पडकईस द्यावी: उन्हाळ्याच्या दोन महिन्यांची मजुरी, आणि चराई बंद होईल त्यांच्या शेळ्यांस चारा. चाऱ्याचा पैसा आधीं. हिशेब वाडींतच, सर्वांसमक्ष, बायकांनाही ऐकूं येईल असा वाचावा. वाडी कोणती, हें येथें बसून ठरवूं नये. पुढील पंधरवड्यांत आपणांपैकीं चौघांनीं वर जाऊन लोकांस विचारावें. मृगापूर्वीं बांध पुरा व्हावयाचा तर उशीर करून चालणार नाहीं.