मोबाइलवरची ओळख आणि बांधावरची ओळख

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पूर्वी एसटीत शेजारी बसलेला माणूस विचारायचा, 'कोण्या गावचे? कोणाचे?' आता विचारतो, 'कोणत्या ग्रुपवर आहात?' गाव, भावकी, जात यांच्या जोडीला ही नवी ओळख आली. तिने आपले काय केले, याचा हिशेब आज मांडू.

आधी जमेची बाजू. कोरडवाहू शेतकरी एकटा पडतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हा ज्याला त्याला वाटले, आपलेच नशीब फुटके. ग्रुपवर गावोगावची किडकी बोंडे दिसली तेव्हा कळले, दोष कपाळाचा नाही. त्याच वर्षी १ जूनला शेतकरी संपावर गेला. ठराव झाला पुणतांब्याच्या ग्रामसभेत, समोरासमोर. मोबाइलने तो गावोगाव नेला. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसे 'आम्ही शेतकरी' म्हणू लागली. ही ताकद खरी आहे.

आता खर्चाची बाजू. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत. बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे ज्वारीच्या मुलखातले. अशा माणसांच्या झोळीत आपल्या आयांनी पिढ्यानपिढ्या पसाभर ज्वारी घातली. त्या दिवशी मात्र समोरच्या माणसापेक्षा मोबाइलने सांगितलेली ओळख खरी ठरली. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. गेलेले पाच जीव परत आले नाहीत.

हे दूरचे समजू नका. कपाशी लाल पडली की आपण ग्रुपवर फोटो टाकतो. दहा मिनिटांत दहा औषधांची नावे येतात. आम्ही शेतीशास्त्र शिकलेले लोक सांगतो, लाल्या मॅग्नेशियम कमी पडल्याने येतो, नत्र कमी पडल्याने येतो, रात्रीच्या थंडीने येतो आणि तुडतुड्यांनीही येतो. तुडतुडे पानाखाली असतात. फोटोतले पान उलटता येत नाही. पण ग्रुपवर ठासून बोलणारा तज्ज्ञ ठरतो आणि शंका काढणारा फितूर. मग माणूस विचारायचेच सोडतो.

आणखी एक. कर्जात बुडालेला भाऊ रोज सकाळी ग्रुपवर फुलांचे 'सुप्रभात' पाठवतो. त्याची चूल पेटली की नाही, हे ग्रुपला कळत नाही. निंदणाऱ्या बाईचा तर तिथे नंबरच नसतो.

म्हणून या मेळाव्यातून तीन गोष्टी घेऊन जा. ग्रुपवर ठरलेले गावच्या बैठकीत, बायाबापड्यांसह, पुन्हा बोला. पान उलटल्याशिवाय फवारणी नाही आणि माणसाला विचारल्याशिवाय निवाडा नाही. आणि नुसतेच 'सुप्रभात' पाठवणाऱ्या भावाच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन बसा.

मोबाइल ठेवा. निरोप पोचवायला तो चांगला गडी आहे. त्याला घरचा कारभारी करू नका.