बिबटी पालीचें घर आणि तिची ऊब

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. घरांतील पाल हाकलावी कशी, हें सांगावयाचें सोडून हा निवृत्त मास्तर तिला घर बांधून द्यावयास निघाला! परंतु अलीकडे शहरांतून लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल, हौसेनें पाळली जाते. माझ्या नातवानें आपल्या दोन पाली झरीस माझ्या स्वाधीन केल्या, आणि साठी उलटल्यावर मला पुन्हां विद्यार्थी व्हावें लागलें.

ही पाल मूळची अफगाणिस्तान-पाकिस्तानकडील कोरड्या, खडकाळ मुलुखांतली. हिच्या डोळ्यांना मिटणाऱ्या पापण्या असतात; बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसल्यामुळें ती गुळगुळीत भिंत चढूं शकत नाहीं. जाड शेपटींत ती चरबी सांठविते. तिची एक बहीण आपल्या पश्चिम भारतांतही रहाते. शास्त्रज्ञ तिला 'युब्लेफॅरिस फस्कस' म्हणतात. लोक विषारी समजून तिला ठेचतात, पण तिला विष मुळींच नाहीं. ती रानांतच राहूं द्यावी. पाळावयाची ती पिंजऱ्यांत जन्मलेली असावी, आणि आणण्यापूर्वीं कायद्याची चौकशी वनखात्याकडे करावी.

अनेक पाली पाळणारे लोक कप्प्यांची मांडणी वापरतात. मांडणींत प्लॅस्टिकचे डबे टेबलाच्या खणाप्रमाणें सरकविलेले असतात. एका डब्यांत एक पाल. जागा थोडी लागते, आंत अंधार व शांतता रहाते. दोन नर मात्र एकत्र कधींही ठेवूं नयेत. ते एकमेकांना फाडतात. डबा निदान दोन फूट लांब व दीड फूट रुंद असावा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस वाऱ्यासाठीं भोंकें पाडावीं. आमच्याकडील पावसाळ्यांत हीं भोंकें कमी पडलीं तर डब्यांत बुरशी धरते. तळाशीं साधा कागद घालावा. लपावयास कौलाचे दोन तुकडे, एक उबेच्या बाजूस व एक गारव्याच्या बाजूस, ठेवावे; शिवाय कात टाकतेवेळीं उपयोगी पडेल असा एक ओलसर कोपरा असावा.

आतां उबेविषयीं. या प्राण्याच्या अंगांत स्वतःची ऊब नसते. खाल्लेला किडा पचवावयासही त्याला बाहेरची उष्णता लागते. म्हणून डब्याच्या मागील एक तृतीयांश भागाखालींच विजेची तापणारी पट्टी बसवितात. त्या बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस व दुसरी बाजू २४ ते २६ अंश असावी. पाल इकडून तिकडे सरकून आपली उष्णता आपणच निवडते. सबंध तळ तापविला कीं ही निवड संपली!

हा धडा मला फार महाग पडला. पट्टीची उष्णता थर्मोस्टॅट नांवाचें यंत्र आवरतें. त्याची तपमान ओळखणारी तार डब्याखालीं, पट्टीला लागून असावयास पाहिजे. एप्रिलांत सफाई करतांना माझ्या हातून ती तार निसटून गार फरशीवर पडली. यंत्राला वाटलें, अजून थंडीच आहे. तें रात्रभर पट्टी तापवीत राहिलें. सकाळीं एक पाल गारव्याच्या बाजूस तोंड वासून पडली होती. तिनें आपल्या परीनें योग्य बाजू निवडली होती. परंतु तिला गार कोपरा मीच उरूं दिला नव्हता. नातवाला तें सांगतांना माझा घसा दाटून आला. आतां मीं ती तार पक्की चिकटविली आहे, निराळा तापमापक ठेवला आहे, आणि रोज हातानें डबा चांचपून पहातों. परदेशी पुस्तकांत ऊब देण्याची चिंता आहे. आमच्या झरींत पौषांतल्या रात्रीं सोडल्यास गारवा राखण्याचीच चिंता अधिक.

आणखी एक गोष्ट आमच्या भागानें शिकविली. डहाणू-तलासरीस इ. स. २०१८ च्या नोव्हेंबरपासून वारंवार भूकंपाचे धक्के बसूं लागले. पुढें १ फेब्रुवारी २०१९ रोजीं तर एकामागून एक धक्के आले. लोक थंडींत घराबाहेर निजत. म्हणून मांडणी करावयास सुतार आला, तेव्हां मीं त्याला प्रथम सांगितलें, 'बाबा, हिला भिंतीशीं बोल्टानें आवळ, उंची कंबरेपर्यंतच ठेव, आणि डबे आपोआप बाहेर सरकूं नयेत म्हणून पुढें अडसर लाव.'

श्रोतेहो, धरणी हालली तर आपण अंगणांत धांवतों. उकडलें तर ओटीवर बसतों. खणांतल्या जीवाला तें स्वातंत्र्य नाहीं. त्याचें दार आपण लावून घेतलें, तर त्याच्या उन्हाचा व सावलीचा विचारही आपणच रोजच्या रोज केला पाहिजे. इतकें होत नसेल, तर ती हौस न केलेलीच बरी.