अणुविज्ञानातून आरोग्याकडे



न्यूयॉर्कच्या सामान्य घरातील रोझलिन यॅलो यांना भौतिकशास्त्राची पदवी मिळूनही प्रथम लघुलेखनाच्या वर्गात बसावे लागले. तरीही १९४५ साली अणुकेंद्रीय भौतिकीत त्या डॉक्टरेट झाल्या. सॉलोमन बर्सन यांच्या सहकार्याने त्यांनी रक्तातील अत्यल्प संप्रेरके किरणोत्सारी आयोडीनच्या साहाय्याने मोजण्याची पद्धत शोधली. तिचे पेटंट मात्र घेतले नाही. १९७७ साली त्यांना वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा मान लाभला. या पद्धतीमुळे नवजात बालकाच्या रक्ताच्या थेंबावरून थायरॉईडचा दोष वेळीच ओळखून त्याच्या बुद्धीची वाढ खुंटू न देणे शक्य झाले.

लोणावळ्यातील वा आंदर मावळातील हुशार मुलगी दहावीनंतर घरी बसणार नाही, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.